पाहुण्याचं पाणी

अकोल्यातल्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सगळ्यात वरच्या फळीवर एक बाटली आहे. हल्ली तिच्यात स्पिरिटचे बोळे ठेवतात. ती मी, मित्रांनो. जाड काच, रुंद तोंड, काचेचंच बूच. ओठाचा टवका उडाला आणि माझं गावोगाव फिरणं संपलं. माझ्या जागी आता प्लॅस्टिकच्या पातळ पोरी आल्या आहेत, एकदा वापरल्या की कचऱ्यात. मला त्यांचा हेवा वाटत नाही आणि कीवही येत नाही. जन्मभर परक्यांचं पाणी वाहिलं, त्यातलं काही अंगाला लावून घेतलं नाही. स्वभावच तसा झाला आहे. पण एका गावाचं पाणी अजून मनातून जात नाही, आणि तेच सांगायला मी तोंड उघडलं आहे.

जन्माचं फार सांगत नाही. उत्तरेकडच्या एका काचकारखान्यात वाळू वितळवली, साच्यात ओतली आणि मी बाहेर पडले. त्या भट्टीवाल्याला दिवसभर माझ्यासारख्याच काढायच्या होत्या. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही आणि मीही त्याची आठवण काढत बसले नाही. पेंढ्यात गुंडाळून, मालगाडीत घालून मला अकोल्याला आणलं. पेटी उघडली तेव्हा मे महिना होता. मला वाटलं, माल परत भट्टीत धाडला की काय!

प्रयोगशाळेत मला पहिला हात लागला तो अब्दुल गफ्फार यांचा. बाटल्या धुणं, वाफवणं, बांधणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना गफ्फारचाचा म्हणत. ते मला घासून-पुसून लख्ख करत आणि माझ्या पोटात चिमूटभर औषध घालत. पाण्यातल्या ब्लिचिंग पावडरीचा जोर त्या औषधाने थांबतो, म्हणजे नळाशी पाणी जसं होतं तसंच प्रयोगशाळेपर्यंत पोचतं. मग बूच लावायचं, वर खाकी कागदाची टोपी घालायची, दोऱ्याने गळा बांधायचा आणि एका मोठ्या बंद भांड्यात वाफवायला ठेवायचं. कुकरमध्ये डाळ शिजते तशी मी शिजत असे. तिथून बाहेर पडले की माझ्याइतकं स्वच्छ अख्ख्या अकोल्यात काही नसे. हे मी गर्वाने सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

“इसके मुंह को हाथ नहीं लगाने का,” चाचा नव्या माणसाला बजावत. “तेरे हाथ के जंतू गिनने नहीं बैठे हम लोग.”

पण गावात गेल्यावर माझं हे सोवळं कोण पाळणार! वऱ्हाडातल्या बाईच्या हाती रिकामं भांडं द्या आणि न विसळता भर म्हणा. तिला ते जमायचं नाही. कागद सोडला रे सोडला की कुणीतरी पुढे होई. “थांब बापा, विसळून देतो,” म्हणे, आणि चाचांचं औषध मोरीत जाई. त्या बायांना बोल तरी कसा लावायचा? धुतल्याशिवाय भांडं भरू नये, हेच त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं.

कौतुकही झालं माझं. एका शाळेच्या टाकीत पाल मरून पडली होती. वरून पाणी निवळशंख दिसे, पण माझ्यात भरून आलेल्या घोटभर पाण्याने बिंग फोडलं. टाकी धुतली गेली, मुलांचे जुलाब थांबले आणि शाळेने प्रयोगशाळेत पेढे पाठवले. ते सगळ्यांनी खाल्ले. मला कुणी विचारलं नाही, पण पेढे माझेच होते.

आता त्या गावाकडे येते. मूर्तिजापूरच्या पलीकडे, पूर्णा नदीच्या अंगाला आहे. नाव सांगणार नाही, कारण त्या गावाची बदनामी मला करायची नाही. तो सगळा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. त्यात डाळ लवकर शिजत नाही, चहाला चव येत नाही, साबणाला फेस धरत नाही. तिथली माणसं पाण्याच्या दोनच जाती मानतात, गोडं आणि खारं. गोडं म्हणजे चांगलं, खारं म्हणजे वाईट. न दिसणाऱ्या जंतूंचं पाणी ही तिसरी जात, ती कुणाच्या जिभेला कळत नाही. माझा सगळा धंदा त्या तिसऱ्या जातीचा.

गावाला नदीकाठच्या विहिरीवरून नळ आले होते. ते पाणीही जरा खारटच, पण लोक सवयीने पीत. टाकीत ब्लिचिंग पावडर टाकणं आणि तपासणीसाठी पाणी भरून पाठवणं ही कामं ग्रामपंचायतीने गोवर्धन नावाच्या माणसाकडे दिली होती. माणूस भला, पण कुणाचंही मन मोडवत नसे. बाया म्हणाल्या, तुझ्या पावडरीनं चहाला वास येतो, की याने पावडर कमी केली. म्हातारे म्हणाले, पोटात जळजळते, की अजून कमी केली. असं करता करता टाकीत पावडर पडे ती देवापुढे अक्षता वाहाव्यात तेवढीच.

नमुना घ्यायचा नळ गल्लीच्या टोकाला, माणिकबाईंच्या घरासमोर होता. माणिकबाई म्हणजे त्या गल्लीची जबान. नवरा गेल्यावर त्यांनी मुलगा शिवम आणि मुलगी प्रणाली यांना वाढवलं, काळीची शेती राखली आणि घरचा पाहुणचार कधी उणा पडू दिला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात मूर्तिजापूरहून ऑटोने येणाऱ्या शुद्ध पाण्याची एक कॅन असे. ते पाणी पाहुण्यांचं. घरच्यांनी माठातलं, म्हणजे नळाचं प्यायचं. शिवम एकदा शेतातून तापून आला आणि चुकून कॅनमधलं प्यायला, तर माणिकबाईंनी त्याला साऱ्या गल्लीदेखत झाडला होता.

मी पहिल्यांदा त्या नळावर गेले तेव्हा त्या ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या.

“काय आणलं रे गोवर्धन?”

“बाटली हाय, काकू. पाणी घेऊन अकोल्याले जाते. तपासाले.”

“कोण पाह्यते थे?”

“साहेबलोकं. एक मॅडम हायेत.”

“अन् तू तिच्यात हे नळाचं पाणी भरून देतं?” सूप खाली ठेवून त्या उठल्याच. “लाज नाई वाटत काय रे? उद्या थे लोकं म्हणतीन, या गावात पावण्याले असं पाणी पाजतेत. आन इकडं.”

“काकू, नळाचंच पायजे म्हणतेत थे.”

“म्हणतेत! त्याईनं म्हणावं अन् आपण द्यावं काय? इज्जत हाय का नाई गावाची?”

गोवर्धनने दोन घटका विचार केला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्याचाही हिशेब गावासारखाच होता. खारेपणा काढला की पाणी सारखंच, मग नळाचं काय आणि कॅनचं काय! माणिकबाईंनी मला आत नेलं, दोनदा विसळलं आणि कॅनमधल्या पाण्याने काठोकाठ भरलं. वर पदराने माझं अंगही पुसलं. इतका मान मला कुठल्याच गावात मिळाला नव्हता.

प्रयोगशाळेत माझ्यातलं पाणी तहरीम तपासत असे. ही मूर्तिजापूरची मुलगी, अमरावतीला शिकली होती, आणि जंतू शोधण्याचं काम तिच्याकडे होतं. जांभळ्या रंगाच्या औषधी पाण्याच्या नळ्यांत ती माझ्यातलं थोडं थोडं पाणी सोडायची आणि नळ्या उबदार कपाटात ठेवायची. दूषित पाणी असलं की जांभळा रंग पिवळा पडतो आणि आत बुडबुडा धरतो. त्या गावच्या नळ्या जांभळ्याच्या जांभळ्या राहिल्या. पाणी पिण्यास योग्य ठरलं. पुढच्या प्रत्येक खेपेला असंच झालं, कारण प्रत्येक खेपेला माणिकबाई ओट्यावर हजर असत. आजूबाजूच्या गावांना पिवळी, लाल कार्डं मिळाली आणि या गावाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते चिकटवलं, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. मला नाही म्हणायचं कारण नव्हतं. माझ्यात जे भरलं होतं ते खरोखरच सुरक्षित होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. काळी जमीन फुगली, नाल्या तुडुंब वाहू लागल्या. आणि गावात एक नवल झालं. नळाचं पाणी गोडं लागू लागलं. बाया एकमेकींना बोलावून चाखवत होत्या. कुणी म्हणे नदीमाय पावली, कुणी म्हणे योजनेचं पुण्य. गोवर्धनने त्याचंही थोडं श्रेय घेतलं.

त्याच दिवसांत प्रणाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला तिवशाला दिली होती. मी नमुन्यासाठी पोचले त्या दिवशी ती ओट्यावर पाय सोडून बसली होती आणि माणिकबाई तिच्यासाठी कॅनमधून गिलास भरून घेऊन आल्या.

“माय, मले कॅनचं कायले देते वं?” प्रणाली म्हणाली. “मी काय पावणी आहो?”

“सातवा लागला तुले. गोडं पाणी पे गुमान.”

“नळाचंही गोडंच लागून राहिलं ना आता. अन् कार्ड भेटलं म्हणते ना गावाले? माठातलं दे मले. माह्या घरचं.”

माणिकबाईंचा चेहरा खुलला. लग्न होऊन गेलेली लेक अजून या घराला आपलं म्हणते, याहून आईला काय हवं असतं? त्यांनी तो गिलास तसाच माझ्यात रिता केला, वर कॅनमधलं आणखी घातलं, आणि प्रणालीला माठातलं पाणी दिलं. त्या दिवशी त्या घरात पाहुणी एकच होती, ती मी.

पाऊस ओसरल्यावर काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत बातमी आली की त्या गावात कावीळ निघाली आहे. आधी खालच्या आळीत, मग वरच्या. अहवाल काढून पाहिले तर सगळे स्वच्छ. वरिष्ठ म्हणाले, लग्नाबिग्नात बाहेर काही खाल्लं असेल. तहरीमला ते पटेना. नुकतीच त्या गावाहून मी पुन्हा भरून आले होते. तपासून उरलेल्या पाण्यात तिने खारेपणा मोजायचं पेन बुडवलं आणि भुवया वर केल्या.

“चाचा, हे पाहा. खारपाणातलं पाणी आहे आणि यात मीठ नावाला नाही. ही बाटली खोटं बोलून राहिली.”

मला राग आला, मित्रांनो. मी आयुष्यात खोटं बोललेले नाही. जे माझ्यात भरलं तेच मी आणून दिलं. पण बाटलीला कुणी खुलासा विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा वाफवून, बर्फाच्या पेटीत घालून तहरीम स्वतः प्रयोगशाळेच्या जीपने त्या गावाला निघाली.

गोवर्धन तिला थेट नेहमीच्या नळावर घेऊन आला. सरकारी जीप पाहून माणिकबाई लगबगीने बाहेर आल्या. तहरीमला ओट्यावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाण्याचा गिलास पुढे केला. तिने एक घोट घेतला आणि थांबली.

“आजी, हे कुठलं पाणी?”

“पावण्याचं हाय बाई. कॅनचं. बिनधोक पे.”

“आणि तुम्ही घरचे कोणतं पिता?”

“आमचं काय, नळाचं. यंदा त थेही गोडं हाय.”

तहरीमने गोवर्धनकडे पाहिलं. “आणि या बाटलीत दरवेळी कोणतं भरलं?”

उत्तर माणिकबाईंनी दिलं, छाती फुगवून.

“कॅनचंच! गावातून वाईट पाणी नाई जाऊ देल्लं मी, एकही डाव.”

मला वाटलं, आता तहरीम भडकणार. ती भडकली नाही. हातातला गिलास तिने हळूच खाली ठेवला आणि नळाचं पाणी मागवलं. त्यात पेन बुडवलं. विहिरीच्या जुन्या नोंदीत होतं त्याच्या निम्मंही मीठ नव्हतं.

“गोडं कधीपासून लागतं?”

“झड लागली ना, तवापासून.”

“आजी, खाऱ्या विहिरीचं पाणी नळापर्यंत येता येता गोडं होत नाही. वाटेत बाहेरचं पाणी शिरतंय.”

गोवर्धनचा चेहरा उतरला. तिघंही पाइपाच्या रेषेने निघाली, मी पेटीत, पेटी जीपच्या ड्रायव्हरच्या हातात. फार लांब जावं लागलं नाही. घरांच्या मागे सांडपाण्याची नाली होती. जमीन फुगल्याने तिथे पाइपाचा सांधा सुटला होता आणि तो नालीच्या पाण्याखाली गेला होता. मोटर बंद झाली की रिकामा पाइप नालीतलं पाणी आत ओढून घेई, आणि मोटर सुरू झाली की तेच पुढे घराघरांत जाई. नालीत पावसाचं पाणी होतं, म्हणून ते गोडं. त्यात आणखी काय काय होतं ते मी सांगत बसत नाही. गाव महिनाभर त्या गोडव्याचं कौतुक करत होतं.

परत येऊन तहरीमने नळाचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीने शेकलं, पाणी थोडा वेळ वाहू दिलं आणि मला न विसळता भरलं. त्या गावाचं पाणी माझ्यात पहिल्यांदा आलं. दिसायला निवळ होतं. बूच लावून ती मला पेटीत ठेवत होती, तेवढ्यात घरातून कुणीतरी ओकल्याचा आवाज आला.

“कोण आहे आत?”

“लेक हाय. आठवा लागला. पोटुशीले होतेच असं.”

“बाहेर उजेडात येते का जरा?”

प्रणाली भिंतीला धरून दारात आली. अंगाने वाळली होती, रंग मात्र पिवळसर उजळ दिसत होता. शेजारच्या बाया गेले काही दिवस म्हणत होत्या, माहेरच्या पाण्यानं उजळली पोरगी. तहरीमने तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

“हिला आत्ताच्या आत्ता अकोल्याला न्यायचं,” तहरीम म्हणाली. “गर्भारपणात ही कावीळ फार वाईट असते, आजी. कपडे-बिपडे शोधू नका. चला.”

मागच्या सीटवर प्रणाली आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तहरीम आणि शिवम पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते, आणि पायाशी बर्फाच्या पेटीत मी. माणिकबाईंनी निघताना कॅनमधलं पाणी एका बाटलीत घेतलं होतं. त्या तिचे ओठ ओले करत होत्या. “कॅनचं हाय वं बाई, पे. सारं तुह्यासाठीच हाय,” असं म्हणत होत्या. प्रणालीने डोळे उघडले आणि म्हणाली, “आता पावणी केलं काय मले?”

दुसऱ्या दिवशी तहरीमने उबदार कपाट उघडलं. सगळ्या नळ्या पिवळ्या, प्रत्येकीत बुडबुडा. तिने लगेच फोन लावले. नळ बंद झाले, टँकर आला, लोक पाणी उकळून पिऊ लागले, पाइपाचा सांधा बदलला. जे काम आधीच व्हायला हवं होतं ते दोन-चार दिवसांत पार पडलं.

प्रणाली बरेच दिवस दवाखान्यात होती. ती वाचली. तिचं बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

दवाखाना आमच्या प्रयोगशाळेपासून लांब नाही. एके दुपारी माणिकबाई विचारत विचारत आल्या. हातात जेवणाचा रिकामा डबा होता. गफ्फारचाचांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला. त्यांनी चहाकडे पाहिलंही नाही. तहरीम समोर आली तशा म्हणाल्या, “बाई, एक विचारतो. माह्यानं झालं काय हे?”

मी धुतलेल्या बाटल्यांच्या रांगेत उपडी होते. तहरीम काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेईल असं मला वाटलं. बहुतेक माणसं तसंच करतात.

“पाइप फुटला तो तुमच्यामुळे नाही, आजी,” ती म्हणाली. “टाकीत पावडर कमी पडली तीही तुमच्यामुळे नाही. पण आम्हाला कळायला उशीर झाला तो बाटलीत दुसरं पाणी होतं म्हणून.”

माणिकबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, “खरं सांगतलं तुमी. बाकी सारे मले नशीब, नशीब करून राहिले. नशिबाशी कोणाले भांडता येते?” पदराने तोंड पुसून त्या उठल्या आणि दवाखान्याकडे गेल्या. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं पाणी वाहिलं, पण असं कधी वाटलं नव्हतं.

पाइप दुरुस्त झाल्यावर नमुना घ्यायला पुन्हा मीच गेले. गावाचं हिरवं कार्ड काढून घेतलं होतं आणि ते गावाला फार लागलं होतं. सोयरिकी जुळवताना लोक आता पाण्याचं विचारत होते. नळाजवळ बरीच गर्दी होती. गोवर्धनने माझा कागद सोडला तशी एका मोठ्या माणसाने त्याला बाजूला घेतलं. आवाज हळू होता, पण मला ऐकू आलं. “एक डाव कॅनचं भर ना बे. पाइप त सुधारलाच हाय. कार्ड येऊन जाईन, मंग कर तुले काय करायचं थे. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय.”

गोवर्धन नेहमीसारखा घुटमळला. त्याला त्या माणसाचंही मन मोडवेना. तेवढ्यात माणिकबाई ओट्यावरून उतरल्या. प्रणाली अजून सासरी गेली नव्हती. ती दारात उभी होती. माणिकबाईंनी स्वतः नळ सोडला. पाणी थोडं गढूळ आलं, त्याला वासही होता. गर्दीतल्या काही जणांनी माना वळवल्या.

“भर,” त्या गोवर्धनला म्हणाल्या.

“काकू, लाल कार्ड येईन.”

“येऊ दे. लाल येऊ दे, काळं येऊ दे. गावाची इज्जत राखत बसली मी, अन् माह्या पोरीचं लेकरू गेलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा, कारण तिकडचीही कुजबुज थांबली. “जे येऊन राहिलं थेच भर. घाण असन त घाण म्हणून जाऊ दे.”

गोवर्धनने मला भरलं. ज्या बाईने आयुष्यात कुणा पाहुण्याला वाईट पाण्याचा घोट दिला नव्हता, तिने सगळ्या गावासमोर ते पाणी परगावच्या बाटलीत जाताना पाहिलं, आणि नजर हटवली नाही.

नळ्या पिवळ्या पडल्या. गावाला लाल कार्ड मिळालं. पाइपात साचलेली घाण अजून निघायची होती. टाकी आणि पाइप पुन्हा धुतले, पावडरीचं माप ठरलं, पाणी उकळणं चालू राहिलं, आणि त्या गल्लीत त्यानंतर कुणाला कावीळ झाली नाही. कार्ड पुढे केव्हातरी बदललं असेल. तोवर माझा ओठ फुटला होता.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या नळाचं, शाळेच्या टाकीचं, वावरातल्या स्वतःच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या. जिभेवर भरवसा ठेवू नका, गोडं लागणारं पाणी चांगलं असतंच असं नाही. आणि एखाद्या दिवशी कुणी बाटली घेऊन दारात आलं, तर ओशाळू नका, सारवासारव करू नका. आल्या-गेल्याला तुम्ही जे पाजता ते खुशाल पाजा. बाटलीत मात्र तेच भरा, जे तुमच्या घरातलं लेकरू पिणार आहे.